डोळ्यामागचा आवाज

९ जानेवारी

धाकट्या,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो. घरात सगळे जिवंत आहेत आणि मला तुझ्याकडून काही नको आहे.

पत्ता तुझ्या वहिनीने दिला. तिच्याकडे तो कसा आला हे मी विचारलं नाही. तुम्ही गाव सोडलंत तरी जावा-जावा एकमेकींशी बोलतात, हे मला माहीत आहे. मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. आमचा संसार असाच चाललाय.

फोन करणार होतो. दोनदा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. तू उचलला नसतास तर वाईट वाटलं असतं, आणि उचलला असतास तर बोलायचं काय? कागदावर निदान खोडता येतं.

कारण तसं किरकोळ आहे. ऑक्टोबरपासून डावा डोळा लाल आहे. आधी वाटलं डोळे आलेत. औषधाच्या दुकानातून थेंब आणले. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरने दुसरे थेंब दिले, मग तिसरे. थेंबांच्या बाटल्यांची रांग लागली खिडकीत, डोळा लालचा लालच. खाजत नाही, चिकटत नाही. नुसता लाल, आणि जरा बाहेर आल्यासारखा. मी हल्ली शाळेची गाडी चालवतो. पाच वर्षांपूर्वी आगारातलं सकाळच्या तपासणीचं काम सोडलं आणि ही मागून घेतली. गाडीतली पोरं मला 'लाल दिवा' म्हणतात. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं.

आणि कानात आवाज. सूं, सूं, सूं. नाडीच्या ठेक्यात. जिना चढलो की वाढतो, बसलो की थोडा दमतो, पण थांबत नाही. तुझी वहिनी म्हणते रक्तदाब. तिच्या मते जगात जे काही होतं ते रक्तदाबाने होतं.

परवा आगाराच्या फाटकात गाडीचा डावा आरसा खांबाला घासला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. "खांबच पुढे आलाय," म्हणालो आणि विषय मिटवला. फाटकवाला हसला नाही. फाटकावर अजून तोच आहे, आपला गाड्या धुणारा. तुझ्या गाडीचा ब्रेक गेला, त्याचा पाय गेला, तुझी नोकरी गेली, त्यानंतर त्याला फाटकावर खुर्ची मिळाली. रोज सकाळी मला हात करतो.

चौकशीत मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. हे तुला तेव्हाच समजावणार होतो. तू थांबला नाहीस.

बाकी ठीक.

दादा

१५ जानेवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी लिहितोय, कारण आज जे झालं ते तुझ्या वहिनीला सांगून झालं आणि तिने ते अर्धंच ऐकलं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरने हात टेकले आणि मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथे लांबच लांब बाकं, प्रत्येक बाकावर एक डोळा झाकलेली माणसं. माझा नंबर दुपारी लागला. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, आपल्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, डोळ्यातला दाब मोजला. मग डोळ्याच्या आणखी जवळ आल्या. लाल रेषा आहेत ना, त्या सरळ नाहीत म्हणाल्या, स्क्रूसारख्या पिळलेल्या आहेत.

"कानात काही आवाज येतो का?"

मी त्यांना आवाजाचं सांगितलंच नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरला कानाचं कशाला सांगायचं? म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"डोळा मिटा," म्हणाल्या, आणि छातीला लावतात ती नळी माझ्या पापणीवर ठेवली. थंडगार. त्या ऐकत होत्या आणि मी त्यांचं तोंड बघत होतो, एका डोळ्याने. मग दार उघडून त्यांनी हाक मारली, "या रे, ऐकून जा, पुस्तकात वाचलंय ना?" शिकणारी पाच मुलं-मुली आली आणि रांगेने माझा डोळा ऐकून गेली. बिघडलेल्या गाडीच्या बॉनेटला कान लावतात तसं. एक मुलगी तर "थँक यू काका" म्हणाली.

गंमत वाटली मला, खरंच. तीन महिने तो आवाज मला एकट्याला येत होता. आज सहा जणांनी ऐकला.

मग बाईंनी विचारलं, "एकाची दोन दिसतात का?"

"कधीकधी," म्हटलं.

"काम काय करता?"

सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, आजपासून गाडी चालवायची नाही. शाळेची तर नाहीच नाही." डोळ्याच्या मागे रक्तवाहिन्यांची काहीतरी चुकीची जोडणी झाली असावी, दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात तपास करावा लागेल, चिठ्ठी देते म्हणाल्या.

बरं, म्हटलं.

दादा

३० जानेवारी

धाकट्या,

गाडी आता बंद आहे. रजा टाकली. तपास झाला, तो लिहितो.

मांडीतून बारीक नळी घालून ती वर मानेपर्यंत नेतात आणि औषध सोडून फोटो काढतात. मी जागाच होतो. औषध सोडलं की तोंडाच्या आतून गरम पाणी ओतल्यासारखं वाटतं, दातांच्या मुळापर्यंत. "हलू नका," असं काचेमागून कुणीतरी म्हणायचं. कुठे हलणार?

मग ज्याने ते केलं तो डॉक्टर आम्हा दोघांना घेऊन बसला. उंच, थकलेला माणूस, बूट काढून पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवले होते त्याने. तुझी वहिनी त्याला तारेचा डॉक्टर म्हणते. त्याने माझ्याच चिठ्ठीच्या मागे चित्र काढलं. डोळ्याच्या मागे, मेंदूच्या खाली, एक पोकळी असते, तिथून डोळ्यातलं वापरलेलं रक्त शिरांमधून परत जातं. त्या पोकळीच्या भिंतीवरून बारीक धमन्या जातात, त्यांच्यात दाब जास्त. माझ्या बाबतीत त्या धमन्या थेट पोकळीतच उघडल्यात. जोराचं रक्त मंद शिरांमध्ये घुसतंय, डोळ्याकडे उलटं येतंय. म्हणून लाल, म्हणून बाहेर, म्हणून आवाज.

"म्हणजे मोठ्या रस्त्यावरचे ट्रक गल्लीत घुसलेत," म्हटलं.

"तेही उलट्या दिशेने," तो म्हणाला.

"कशाने झालं?"

"तुमच्या बाबतीत सांगता येत नाही. मार लागला असता तर म्हटलं असतं त्याने. काहींना उगाच होतं."

उगाच. या शब्दावर मी दोन दिवस अडकून बसलोय. इतकी वर्षं वाटायचं की माणसाला काही झालं तर त्याला कारण असतं, बहुतेक वेळा ते त्याला माहीतही असतं.

उपाय असा, की डोकं उघडायचं नाही. पुन्हा मांडीतूनच जायचं, या खेपेला शिरेतून, वर पोकळीपर्यंत, आणि तिथे प्लॅटिनमच्या केसासारख्या बारीक तारा वेटोळी करून भरायच्या. पोकळी भरली की रक्ताला तिथे शिरायला जागा नाही.

तुझी वहिनी तोपर्यंत चित्राकडे बघत होती. "दुखणं डोळ्यात आणि टोचणार मांडीत?" तिने विचारलं. डॉक्टर हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसत असावा असा.

नाही केलं तर नजर जाईल, मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. केलं तर शंभरात दोघा-चौघांना अर्धांगवायू किंवा नजरेला इजा, असं तो सरळ म्हणाला. सरळ बोलणारा माणूस बरा वाटतो. पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

दादा

८ फेब्रुवारी

धाकट्या,

हे अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, मी सांगतोय आणि ती लिहितेय. डोळा सुजून पापणी उघडत नाही आणि दुसऱ्याने कागदावरच्या ओळी पळतात.

झालं नाही. साडेतीन तास ते आत होते. मानेपासून त्या पोकळीकडे जाणारी जी शीर असते ती माझी बंद पडलेली निघाली. त्यांनी तार घालून बघितली, दुसरीकडून बघितली, जमलं नाही. मला गुंगी होती, मला काय कळणार? मला एवढंच कळलं की जाग आली आणि पहिल्यांदा मी कान दिला. सूं, सूं, सूं. डॉक्टर येऊन सांगायच्या आधीच मला कळलं होतं. तो बिचारा खुर्ची ओढून बसला आणि कसं सांगावं याची जुळवाजुळव करायला लागला. म्हटलं, "राहू द्या, ऐकू येतंय मला."

आता दुसरा रस्ता. वरच्या पापणीला छोटा छेद द्यायचा, तिथली फुगलेली शीर डोळ्यांचा सर्जन शोधून देणार, आणि तिच्यातून हा तारेचा डॉक्टर मागे जाणार. समोरच्या दारातून, म्हणाला. दोन आठवड्यांनी.

कंटाळा आलाय. भीती नाही, कंटाळा. आवाजाचा, पलंगाचा, "कसं वाटतंय?" विचारणाऱ्यांचा. बास, एवढंच लिही गं.

(भाऊजी, ते झोपलेत. आता माझं.

यांनी तुम्हाला काय काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, पण चाळीस वर्षांचा अनुभव आहे, काय लिहिलं नसेल ते मला सांगता येतं. आरशाचं लिहिलं असेल. मुलीचं लिहिलं नसेल.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पंधरा जानेवारीला गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. यांनीच घरी येऊन मला ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे गणवेश घालून तयार. मी म्हटलं, "कुठे?" म्हणाले, "बदली माणूस मिळेपर्यंत." बदली मागितलीच नव्हती. नऊ दिवस चालवली, भाऊजी. एकाची दोन दिसायची म्हणून डावा डोळा मिटून चालवायचे. डावा मिटला की डावीकडचं दिसत नाही. नवव्या दिवशी एका स्टॉपवर पहिलीतली मुलगी उतरली आणि गाडीच्या पुढच्या चाकापाशी काहीतरी उचलायला वाकली. यांनी गियर टाकला. गाडीतल्या मावशींनी पत्र्यावर दोन्ही हातांनी मारलं आणि किंचाळल्या. वीतभर अंतर राहिलं होतं, मावशी घरी येऊन सांगून गेल्या. यांच्यासमोर म्हणाल्या, "दादा, मी कुणाला काही सांगणार नाही. पण उद्या तुम्ही त्या सीटवर बसलात तर मी एकही मूल चढवणार नाही." तेव्हा रजा टाकली.

तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला फक्त वाटलं, पत्र लिहितायत तर त्यात हे असावं.

तुमची वहिनी)

१६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळींना पत्र म्हणायचं तर.

"पत्रं मिळाली. गाडी चालवू नकोस. बाकी मला लिहायचं नाही."

वहिनीने मागच्या पत्रात काय घुसडलं ते तुझ्या या ओळीवरून कळलं. विचारल्यावर तिने सगळं सांगितलं, चपाती लाटता लाटता, वर न बघता. दोन दिवस आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोललो नाही, ती नेहमीसारखी बोलत होती.

ठीक आहे. चालवली. नऊ दिवस. का चालवली, विचारशील तर सांगायला धड काही नाही. आज होईल, आज निभेल, असं रोज वाटायचं. रोज निभायचं. निभलं की वाटायचं, बघ, उगाच बाऊ करतात. नऊ दिवसांत मी स्वतःला इतक्या गोष्टी पटवल्या की दहाव्या दिवशी मला डोळाच नसता तरी मी चालवली असती.

त्या मुलीला कळलंही नाही. केसाला लावायची चिमटी उचलून ती उठली आणि हात हलवून गेली. मी त्यानंतर उरलेली पोरं घरी सोडली. मावशी माझ्या डाव्या खांद्याशी उभ्या राहून सांगत होत्या, "थांबा. चला. थांबा." आगारात आलो तेव्हा हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

तू 'चालवू नकोस' लिहिलंस. 'बरा हो' लिहिलं नाहीस. मला कळलं.

दादा

२३ फेब्रुवारी

धाकट्या,

उद्या सकाळी पापणीतून जाणार आहेत. आज दुपारी दाखल झालो. खिडकीशी पलंग आहे, उजेड चांगला आहे. उजव्या डोळ्यावर भागवतोय, अक्षर तिरकं येईल. डॉक्टर येऊन कागदावर सही घेऊन गेला. "काही विचारायचंय?" म्हणाला. मला त्याला विचारायचं नव्हतं. तुला सांगायचं होतं.

उद्या काही वाकडं झालं तर हे माझ्याबरोबर जायला नको म्हणून लिहितोय असं समजू नकोस. गाडी चालवली त्या नऊ दिवसांनी मला हे लिहायला लावलंय. उद्या सगळं नीट झालं तरी हे मागे घेणार नाही.

त्या सकाळी तू मला सांगितलं होतंस.

पावणेसहा वाजले होते. मी तपासणीची वही घेऊन रॅम्पपाशी उभा होतो. तू गाडीतून उतरून आलास आणि म्हणालास, "दादा, ब्रेक खाली जातोय." मी म्हटलं, "पेडल दोन-चारदा पंप करून मार." तू म्हणालास, "पंप करूनही लागत नाही नीट." मी वहीतून वर बघितलं नाही. कारखान्याच्या पाळीची माणसं न्यायची होती, दुसरी गाडी तयार नव्हती, आदल्याच दिवशी उशिरावरून साहेबाने मला सगळ्यांसमोर बोलून घेतलं होतं. म्हटलं, "दुपारी बघू. काढ गाडी." तू क्षणभर उभा राहिलास. मी मोठा भाऊ, मी तपासणारा. तू गाडीत चढलास.

पुढचं तुला माहीत आहे. उतारावर पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. गाड्या धुणारा पाण्याची नळी हातात घेऊन भिंतीपाशी उभा होता.

चौकशीत टेबलामागे तिघं बसले होते. तू त्यांना सांगितलंस, "मी दादाकडे दोनदा तक्रार केली." त्यांनी मला विचारलं, "याने तुम्हाला काही सांगितलं होतं का?" वहीत नोंद नव्हती. नोंद करणं माझं काम होतं. मी म्हटलं, "नाही."

एकच शब्द. मी त्यांना काही रचून सांगितलं नाही, तुझ्याबद्दल वाईट बोललो नाही, उलट तू चांगला ड्रायव्हर आहेस असंही म्हणालो. हे सगळं मी स्वतःला अकरा वर्षं सांगत आलोय. पण तू ज्यावर घर चालवत होतास ते त्या एका शब्दाने गेलं. बाहेर व्हरांड्यात तू मला विचारलंस, "दादा, खरंच?" मी खिशात किल्ल्या शोधत राहिलो.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, मला माहीत होतं तेवढं सांगितलं. ते खोटं होतं.

तुझी माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. झालं ते असं झालं, एवढं तुझ्याकडे लिखित असावं. सही करतोय, तारीख वर आहे.

दादा

१ मार्च

धाकट्या,

आवाज गेला.

शुद्धीवर आलो आणि सवयीने कान दिला, तर काहीच नाही. आधी वाटलं बहिरा झालो. शेजारी सिस्टर सलाइन बघत होत्या. म्हटलं, "काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

"पाणी मागू नका, अजून चार तास मिळणार नाही," त्या म्हणाल्या. इतकं छान वाक्य मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

तारेचा डॉक्टर संध्याकाळी आला. शीर पापणीत नागमोडी होती, अर्धा तास एका वळणावर अडकले होते, मग तार सरळ गेली म्हणाला. एकूण नऊ वेटोळी भरलीत. शेवटचा फोटो काढला तेव्हा डोळ्याकडे येणारं सगळं बंद झालेलं दिसलं. "आता माझ्या डोक्यात प्लॅटिनम," असं मी म्हटल्यावर तुझी वहिनी म्हणाली, "चला, काहीतरी आहे तर." डॉक्टर जाताना दाराच्या चौकटीला हात टेकून जरा थांबला. त्यालाही पहिल्या खेपेचं लागलं असावं.

सूज आहे, पापणीला टाके आहेत, दोन-दोन दिसणं अजून तसंच. ज्या नसेने डोळा बाहेर वळतो ती दबली होती, तिला महिने लागतील. पण लाली दुसऱ्याच दिवशी फिकी पडली.

तू आला होतास असं वहिनीने सांगितलं. चौथ्या दिवशी दुपारी, तासभर बसून गेलास म्हणे. मी झोपेत होतो. औषधांची गुंगी होती. चुकामूक झाली.

येऊन गेलास हे बरं केलंस.

दादा

१२ एप्रिल

धाकट्या,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही आणि का आलं नाही हे मला माहीत आहे. तिकडे वळायच्या आधी इकडचं सांगतो.

मागच्या आठवड्यात आगारात गेलो. सहाव्या पत्रात तुला जे लिहिलं तेच नीट अर्जासारखं लिहून नेलं होतं. साहेब आता नवा आहे, तरुण. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझ्यासाठी पाणी मागवलं. "काका, ती फाईल दहा वर्षांनी नष्ट केली. आता याचा उपयोग काय?" म्हटलं, उपयोग नसेल तर नसू दे, शिक्का मारा आणि ठेवून घ्या. त्याने वर फोन केला, मग शिक्का मारला. तुला परत घेता येणार नाही, पण तुझ्या नावावरचा निष्काळजीपणाचा शेरा काढावा म्हणून वर पाठवतो म्हणाला. माझं काय करायचं ते वरचे ठरवतील. शिक्क्याची प्रत सोबत जोडली आहे. शाळेच्या गाडीवर मी परत बसणार नाही, हेही लिहून दिलं. डॉक्टर उद्या हो म्हणाला तरी नाही.

मग फाटकावर गेलो. तो खुर्चीत बसला होता, कुबडी भिंतीला टेकवून. त्याच्यासमोर उभं राहून सांगणं साहेबाला सांगण्यापेक्षा जड गेलं. सगळं ऐकून घेतलं त्याने. म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी रॅम्पवरच होतो ना. तो तुम्हाला ब्रेकचं सांगत होता ते ऐकलं मी. दोनदा सांगितलं त्याने."

"मग बोलला का नाहीस?"

"मला विचारलं कुणी? चौकशी झाली तेव्हा मी दवाखान्यात पडलेलो. परत आलो तर तुम्ही साहेबाकडे खेटे घालून ही खुर्ची मिळवून दिलेली." एक गाडी आली, त्याने दांडा वर केला, खाली केला. "मग मीही गप्प बसलो. रोज तुम्हाला हात करायचो, आणि वाटायचं, हा आज थांबून बोलेल."

अकरा वर्षं, धाकट्या. मला वाटायचं तो हात करतोय कारण त्याला माहीत नाही.

मग त्याने विचारलं, "धाकटा कसा आहे?" मी म्हटलं, "ब्रेकचं दुकान टाकलंय त्याने, वहिनी सांगते. फक्त ब्रेकचीच कामं घेतो." तो मान हलवत राहिला.

आता तिकडचं.

त्या दुपारी मी झोपलो नव्हतो.

वहिनीचा आवाज आला, "या भाऊजी," आणि मी उघडा डोळा मिटून घेतला. विचार करून नाही, हात भाजला की मागे येतो तसा. डाव्यावर पट्टी होतीच. तू खुर्ची ओढलीस, बसलास. तुझ्या हातांना ब्रेक ऑइलचा वास येत होता. वहिनी चहा आणते म्हणून निघून गेली. बराच वेळ तू नुसता श्वास घेत होतास. आजूबाजूचं सगळं मला अगदी स्वच्छ ऐकू येत होतं, कानात दुसरा आवाजच नव्हता.

मग तू बोललास. शब्द न् शब्द लक्षात आहे, तरी पुन्हा लिहितो, म्हणजे मी ऐकलं याची तुला खात्री पटेल.

तू म्हणालास, "तुझं पत्र मिळालं. अकरा वर्षं मी ठरवून ठेवलं होतं तुला काय काय बोलायचं ते. बसमध्ये सगळं एकदा म्हणून घेतलं. आणि इथे बघतो तर तू हा असा. तोंडावर पट्टी, हातात सुई. आता तुला बोलायचं तरी कसं? हाही तुझाच डाव." मग तू हसलास की काय केलंस ते मला दिसलं नाही. पांघरूण माझ्या पायावरून सरकलं होतं, ते तू ओढून घातलंस. उठलास. दारापाशी जाऊन म्हणालास, "बरा हो आधी. मग येऊन भांडतो."

मी डोळा उघडायला हवा होता. चारदा ठरवलं. तुझी पावलं जिन्यावर गेली तरी ठरवतच होतो. आणि नंतर तुला लिहिलं की मी झोपेत होतो. एवढ्या सगळ्यानंतरही पहिला शब्द तोंडात आला तो खोटाच.

काल तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पापणीवर नळी ठेवली, पुन्हा त्या पाच जणांना बोलावलं. कुणालाच काही ऐकू आलं नाही. डोळ्यातला दाब उतरलाय, डोळा आत गेलाय. एकदम डावीकडे बघितलं की अजून दोन दिसतात, समोर एकच. फिरायला, जिने चढायला, बोलायला मोकळीक आहे. हे मी त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं, ती चिठ्ठीही जोडली आहे.

मी घरीच असतो. सकाळी ये, दुपारी ये. वहिनीला मी सांगितलंय, मध्ये पडायचं नाही, तुझी बाजू घ्यायची असेल तरी नाही.

मी बरा झालोय. ये, भांड.

दादा